सातला आठ, आठला सात

माझी सासू माझ्या हाताखाली काम करते हे ऐकलं की लोक हसतात. बायका तर हेवा करतात. त्यांना मी एवढंच सांगते, की एकदा करून बघा. भाजीत मीठ किती ते घरी त्या मला सांगणार, ट्रॉली कुठे लावायची ते गोदामात मी त्यांना सांगणार, आणि दोन्हीकडे ऐकून घेणारीचं तोंड वाकडं. म्हणून आम्ही फार पूर्वीच एक ठरवून टाकलं होतं. घरी त्या आई आणि मी तू. गोदामाच्या दारातून आत पाऊल टाकलं की त्या मावशी, कारण तिथे सगळेच त्यांना मावशी म्हणतात, आणि मी मॅडम. हे 'मॅडम' त्या असं काही म्हणायच्या, की ऐकणाऱ्याला आदर वाटावा आणि टोमणा फक्त मला कळावा.

आमचं गोदाम हॉस्पिटलांना लागणाऱ्या सामानाचं. हातमोजे, सुया, बँडेज, नळ्या. रॅक तीन, कप्पे चारशे. ऑर्डर आली की तिची यादी छापायची, ती घेऊन ट्रॉली ढकलत रॅकमधून फिरायचं, एकेक खोका काढून क्रेटमध्ये ठेवायचा आणि क्रेट पॅकिंगच्या टेबलावर न्यायची. तिथे यादीशी पुन्हा एकदा ताडून बघायचं, मग टेम्पोत. माल काढायला सहा माणसं. मावशी एकवीस वर्षं माल काढतायत. मी सुपरवायझर होऊन पाच वर्षं झालेली.

मालकांनी यंदा ठरवलं की कागद बंद. कागद हरवतो, ओला होतो, एक ओळ सोडून दुसरीच वाचली जाते. हे सगळं खरंच होतं, त्यामुळे मी मान डोलावली. तेव्हा त्यांनी निवडायचं काम माझ्याच गळ्यात टाकलं. तीन गोष्टी होत्या. एक, प्रत्येक कप्प्यावर दिवा. दिवा लागेल तिथून माल उचलायचा. दुसरी, हातातला स्कॅनर. खोक्यावरच्या पट्टीवर धरायचा, बरोबर असेल तर एकदा वाजतो, चूक असेल तर गुरगुरतो. तिसरी, हेडसेट, कानात एक बाई सांगते कुठे जायचं, आपण तिला तोंडाने उत्तर द्यायचं, दोन्ही हात मोकळे. तीन आठवडे तिन्ही वापरून बघायच्या आणि शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता एकीचं नाव लिहून सही करायची.

आणि एक नियम. ज्या माणसाला नवीन पद्धत जमणार नाही, शेवटच्या दिवशी पाचपेक्षा जास्त चुका होतील, त्याला थांबवायचं. हा नियम मालकांनी सांगितला, पण शब्द माझे. मीच टाइप केला, मीच फलकावर लावला. तेव्हा माझ्या मनात 'ब' रॅकवरचा एक कामचुकार होता. मावशींचा विचार मनाला शिवलाही नव्हता, कारण मावशी चुकत नाहीत. एकवीस वर्षांत त्यांच्या नावावर तीन चुका आहेत आणि त्या तिन्ही त्यांना तारखेनिशी आठवतात.

दिवे पहिल्याच आठवड्यात बाद झाले. फक्त 'अ' रॅकवर लावून बघितले तरी वायरींचं जंजाळ झालं. दुसऱ्या आठवड्यात स्कॅनर. सगळ्यांना जमला, मावशींनाही. चूक एकही नाही, पण वेग कमी. खोका उचलायला स्कॅनर खाली ठेवा, पुन्हा शोधा, पुन्हा उचला. मावशींनी तो दोनदा क्रेटमध्येच बंद करून पॅकिंगला पाठवला. मी डोक्यावर हात मारला, मालक हसले.

तिसरा आठवडा हेडसेटचा. त्या कंपनीचा माणूस स्वतः आला, त्याला आम्ही हेडसेटवालाच म्हणत होतो. त्याने प्रत्येक कप्प्यावर दोन आकडी खुणेची चिठ्ठी चिकटवली. कानातली बाई म्हणणार, "क रॅक, कप्पा सात, खूण सांगा." आपण चिठ्ठीवरचा आकडा वाचायचा, "बेचाळीस." आकडा जुळला की ती म्हणणार, "तीन उचला." आपण योग्य कप्प्यासमोर उभे आहोत याची तिथेच खात्री झाली, तेव्हा पॅकिंगला पुन्हा ताडून बघायची गरजच नाही, असं हेडसेटवाल्याचं म्हणणं. वेळ तिथे वाचतो. चिठ्ठ्या लावायच्या आधी त्याने मला एक कागद दिला होता. प्रत्येक कप्प्यात कंप्युटर म्हणतो तोच माल आहे ना, हे चारशेही कप्पे फिरून बघायचं आणि सही करायची. मी फिरले. पूर्ण एक दुपार फिरले, उगाच बसल्या जागी खुणा केल्या नाहीत. आणि सही केली.

बुधवारी 'अ' रॅक झाला, गुरुवारी 'ब'. शुक्रवारी 'क'. तिथे हेडसेटवाल्याने दोघांनाच लावलं, सगळ्यात जुनी आणि सगळ्यात नवा, म्हणजे तुलना नीट दिसेल. जुनी म्हणजे मावशी. नवा म्हणजे सोमवारीच कामावर आलेला एक तिशीचा गडी, ज्याची चाल बघून पहिल्याच दिवशी सगळ्यांनी त्याचं नाव सुसाट ठेवलं होतं.

त्या शुक्रवारी आमचं घरातूनच वाजलं. आई डबा भरता भरता म्हणाल्या, "कान झाकून काम मी कधी केलं नाही. शेजारचा काय बोलतो ते कळायला नको?"

"शेजारच्याशी बोलायचंच नाहीये. यंत्राशी बोलायचंय."

"यंत्राला काय कळतं आपल्या गोदामातलं?"

"आई, शेवटचा दिवस आहे. मालक काचेतून बघत बसणार आहेत. आज एक दिवस तोंड मिटून यंत्र सांगेल तसं करा. माझ्याशी वाद नको आणि त्याच्याशीही नको."

त्यांनी डब्याचं झाकण जरा जास्तच जोरात लावलं. "बरं, मॅडम," त्या म्हणाल्या. घरात, पहिल्यांदाच. माझ्या नवऱ्याने पेपर वर केला आणि त्यामागे लपला.

बसमध्ये आम्ही शेजारी बसलो आणि दोघींनी आपापलं तिकीट काढलं.

अकराच्या सुमारास मी 'क' रॅककडे नजर टाकली तर मावशी कप्पा आठसमोर उभ्या. "एकोणीस," त्या म्हणत होत्या. थांबल्या. "एकोणीस." पुन्हा थांबल्या. "अगं बाई, एकोणीस." मग खांदे उडवून त्यांनी खोका उचलला, क्रेटमध्ये ठेवला आणि पुढे गेल्या. काचेच्या केबिनमध्ये हेडसेटवाला कंप्युटरच्या पडद्याकडे बघून काहीतरी लिहीत होता. मालक त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होते.

माझ्या मनात आलं, यांना ऐकू कमी येतं की काय. साठी जवळ आलीच आहे. घरी टीव्हीचा आवाज वाढवतात ते मी हसण्यावारी नेत होते. मी जवळ गेले. त्यांनी एक कान मोकळा केला.

"काय अडतंय, मावशी?"

"काही नाही, मॅडम. तोंड मिटून काम करतेय."

अस्सा राग आला मला. मी तशीच वळले. खरं तर तिथे अर्धा मिनिट उभी राहिले असते आणि चिठ्ठीकडे नीट बघितलं असतं, तर पुढचं सगळं टळलं असतं. पण माझा राग नाकावर असतो आणि त्यांचा ओठांत. दोन्ही एकदम आले की कुणी कुणाचं बघत नाही.

वळताना आणखी एक दिसलं. मावशींनी सुसाटच्या खांद्यावर बोट टेकवलं आणि रॅककडे हात करून काहीतरी सांगायला लागल्या. त्याचे दोन्ही कान झाकलेले. त्याने छान हसून अंगठा दाखवला आणि ट्रॉली पुढे दामटली. मावशी हात तसाच धरून उभ्या राहिल्या. मला वाटलं, हळू चालव म्हणून सांगत असतील.

साडेतीनला मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर दोन छापील कागद होते.

"शून्य," हेडसेटवाला सुसाटच्या कागदावर पेन आपटत म्हणाला. "तीन दिवस झाले नाहीत हेडसेट लावून, आणि एकही चूक नाही. आणि वेग बघा."

मालकांनी दुसरा कागद माझ्याकडे सरकवला. त्यांना ते करायला आवडत नव्हतं, हे दिसत होतं. "नऊ," ते म्हणाले. "बाई, नियम तुम्हीच लिहिलाय."

"मला माहितेय."

"तुमच्या सासूबाई आहेत म्हणून मी वेगळं केलं, तर उद्या बाकीचे मला काय म्हणतील? दीड वर्षच राहिलंय त्यांचं. थोडं आधी घरी बसतील, एवढंच."

एवढंच. घरी बसलेल्या आई माझ्या डोळ्यांसमोर आल्या. सासरे गेले त्याच्या पंधराव्या दिवशी ही बाई कामावर हजर झाली होती, आणि मी अडवलं तर म्हणाली होती, मला तिथे कुणीतरी विचारतं गं, इथे भिंती विचारणार आहेत का? या गोदामात मला कामाला लावणारी तीच. सुपरवायझरची जागा निघाली तेव्हा मालकांकडे माझं नाव घेऊन जाणारीही तीच, आणि ती जागा तिला विचारली होती आधी. मला रडू फुटेल असं वाटलं, म्हणून मी मान खाली घालून कागद वाचत बसले.

क सात. क सात. क आठ. क सात. क आठ.

नऊच्या नऊ चुका दोनच कप्प्यांवर होत्या.

त्या दोन कप्प्यांचं काय आहे ते मला तेव्हा आठवलं.

पाच वर्षांपूर्वी मी नवीन सुपरवायझर झाले त्याच आठवड्यात एका ट्रॉलीने 'क' रॅकचा खालचा पत्रा वाकवला. सातव्या आणि आठव्या कप्प्यातले दोनेकशे खोके काढून जमिनीवर ठेवले, पत्रा बदलला, खोके परत लावले. लावले मी, घाईघाईत. सातमध्ये असतात तान्ह्या मुलांच्या श्वासाच्या नळ्या, आठमध्ये मोठ्यांच्या. खोके सारखेच पांढरे, निळ्या पट्टीचे, कोपऱ्यात नखाएवढा आकडा. मी उलटे लावले. संध्याकाळी मावशींच्या लक्षात आलं. पण सगळे दमले होते, मीही. मी म्हटलं, "राहू दे, उद्या कंप्युटरमध्ये जागा बदलून टाकते." उद्याला कळलं की जागा बदलायला मालकांची सही लागते आणि अर्जात कारण लिहावं लागतं. नवीन पोस्ट, पहिलाच आठवडा, कारण काय लिहू? परवा करू म्हटलं.

मग गरजच उरली नाही. यादीत सात दिसलं की माणसं आठकडे हात घालायची, आठ दिसलं की सातकडे. कामावर नवीन कुणी आलं की मावशी त्याचा हात धरून 'क' रॅकपाशी न्यायच्या, त्याचा तळवा कप्प्यावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "सातला आठ, आठला सात. म्हण." तो म्हणायचा, सगळे हसायचे, झालं. सुसाट शुक्रवारपर्यंत 'क' रॅकवर आलाच नव्हता, म्हणून त्याचं राहून गेलं होतं. वर्षाची मोजणी व्हायची ती मालाची, जागेची नाही. गेल्या आठवड्यात स्कॅनरही खोकाच वाचत होता, खोका बरोबरच होता. आणि मी चारशे कप्पे तपासत फिरले तेव्हा हातातल्या कागदावर सात होतं, माझे डोळे आपणहून आठकडे गेले, तिथे तान्ह्यांच्या नळ्या होत्या आणि मी बरोबरची खूण केली. मी खोटी सही केली नव्हती. मला ते खरंच बरोबर दिसलं.

म्हणजे मावशींच्या नऊच्या नऊ चुका बरोबर होत्या. आणि सुसाटचं शून्य.

"सुसाटच्या क्रेट कुठल्या हॉस्पिटलच्या आहेत?" मी विचारलं.

हेडसेटवाल्याने पडद्यावरची यादी सरकवली. "दोन साध्या. एक लहान मुलांच्या हॉस्पिटलची."

"टेम्पो?"

"भरत असेल. पावणेचारला निघतो."

भिंतीवरच्या घड्याळात तीन छत्तीस झाले होते. मी उठले ते खुर्ची आडवी पडली. तपासणीसाठी दिलेला एक हेडसेट माझ्या गळ्यात लटकत होता. पळता पळता 'क' रॅकपाशी तो चालू केला, खात्री करायला. "क रॅक, कप्पा सात, खूण सांगा," बाई गोड आवाजात म्हणाली. सातव्या कप्प्यावर बेचाळीसची चिठ्ठी, आत मोठ्यांच्या नळ्या. तिला उत्तर न देताच मी मालाच्या दाराकडे धावले.

त्या नऊ मिनिटांत माझ्या मनात काय काय आलं ते मी लपवत नाही. क्रेट गुपचूप उतरवायची, खोके बदलायचे, ड्रायव्हरला सांगायचं जा. मुलं सुरक्षित. मालकांना काही कळायला नको. पण मग नऊ तसेच नऊ राहणार होते, आणि सोमवारी आई घरी. त्यांचे नऊ खोडायचे तर का खोडायचे ते सांगावं लागणार होतं.

ड्रायव्हर दार लावत होता. "थांबा," मी ओरडले, तर तो घाबरून बाजूलाच झाला. मी आत चढले, लहान मुलांच्या हॉस्पिटलची क्रेट ओढली, पट्टी फाडली. पांढरे खोके, निळी पट्टी, कोपऱ्यातला आकडा मोठ्यांचा. सहा खोके. तान्ह्या बाळाच्या घशात जाणारी नळी पेन्सिलीहूनही बारीक असते. या नळ्या माझ्या करंगळीएवढ्या होत्या.

खाली उतरले तेव्हा सगळे जमले होते. मालक, हेडसेटवाला, हेडसेट काढून हातात धरलेला सुसाट, आणि त्यांच्यामागून सावकाश चालत आलेल्या मावशी.

"हे काय आहे?" मालकांनी खोका हातात घेतला. त्यांना वाचायला चष्मा लागतो, तो त्यांनी शोधून लावला, वाचलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. "हे त्या हॉस्पिटलला चाललं होतं?"

"मी यंत्र सांगेल तिथूनच काढलं, साहेब," सुसाट म्हणाला. "शपथेवर."

"तू बरोबरच केलंस," मी म्हटलं. "कप्प्यांत माल उलटा आहे. सातचा आठमध्ये, आठचा सातमध्ये."

"कधीपासून?"

"पाच वर्षं."

"कुणी केलं हे?"

माझ्या तोंडातून शब्द निघायच्या आत मागून आवाज आला. "मी."

मावशी पुढे आल्या होत्या. हात पदराला पुसत होत्या, जसं काही ओट्यावरून उठून आल्या आहेत. "मी केलं, मालक. पत्रा बदलला तेव्हा खोके मीच लावले. कुणाला बोलले नाही. मॅडमना माहीत नाही यातलं." माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. त्यांना वाटलं असणार, आपले तसेही नऊ झालेत. बुडत्यात आणखी थोडं.

मालक माझ्याकडे वळले. "खरं आहे का, बाई?"

किती सोपं होतं. होकाराचीही गरज नव्हती, नुसतं मूग गिळून उभं राहायचं. माझ्यापुढे नोकरीची बावीस वर्षं होती, त्यांच्यापुढे दीड. घरी गेल्यावर त्या स्वतःच म्हणाल्या असत्या, शहाणी आहेस, गप्प बसलीस. मी गप्प बसले. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी टेम्पोच्या चाकाकडे बघत होते. मला त्या शांततेची आजही लाज वाटते.

तेवढ्यात गळ्यातला हेडसेट बोलला. मी चालू करून तसाच सोडला होता ना. "उत्तर मिळालं नाही," बाई म्हणाली. "पुन्हा सांगा."

चार सेकंदांनी ती पुन्हा बोलली. "उत्तर मिळालं नाही. पुन्हा सांगा."

"मी," मी म्हटलं. "खोके मी लावले. मावशींनी त्याच दिवशी सांगितलं होतं. उद्या करते म्हणाले आणि केलं नाही. कप्पे तपासल्याची सहीही माझीच आहे. यांच्या नऊ चुका आहेत ना, त्या एकेक काढून बघा, प्रत्येक क्रेटमध्ये बरोबर माल सापडेल. चूक माझी एकच आहे, ती पाच वर्षांची आहे."

"समजलं नाही," हेडसेट म्हणाला. हेडसेटवाल्याने पुढे होऊन तो बंद केला.

मालकांनी आधी माल बदलायला लावलं. सुसाटच्या तिन्ही क्रेट उघडल्या, मावशींनी खोके काढून दिले, टेम्पो वीस मिनिटं उशिरा निघाला. मग मावशींच्या क्रेट टेबलावर ओतल्या. मालकांनी खोके स्वतः मोजले, चष्मा लावून, एकेक आकडा वाचत. सगळं बरोबर होतं. त्यांनी नऊवर रेघ मारली आणि बाजूला सही केली. मावशी हात बांधून उभ्या होत्या. आनंद झाल्याचं काही चेहऱ्यावर नव्हतं, उलट माझ्यावर उखडल्यासारख्या दिसत होत्या.

पाच वाजता केबिनमध्ये मी आणि मालकच होतो. फॉर्म तसाच कोरा.

"आता सांगा, काय निवडायचं," ते म्हणाले. "सुपरवायझर म्हणून शेवटचंच विचारतोय, तर नीट सांगा."

शेवटचं म्हणजे काय ते मला कळलं.

"स्कॅनर," मी म्हटलं.

"सावकाश आहे. तुम्हीच लिहून दिलंय मला."

"सावकाश आहे. पण तो खोका वाचतो. हेडसेट जागा विचारतो, आणि जागेचं खरंखोटं आमच्यासारख्या माणसांवर अवलंबून. कप्पे आज नीट करू, पण पुढच्या वर्षी कुणीतरी पुन्हा घाईत काहीतरी उलटं लावेलच. आणि दुसरं. सकाळी मावशी त्या नव्या माणसाला हेच सांगायला गेल्या होत्या. मी पाहिलं. त्याचे कान बंद होते."

मालकांनी फॉर्म पुढे ओढला. मग त्यांनी फॉर्मवर स्कॅनर लिहिलं. दुसऱ्या एका कागदावर माझं नाव लिहिलं आणि समोर, सोमवारपासून माल काढण्याच्या कामावर. "घरी पाठवत नाही," ते म्हणाले. "तुम्ही कबूल केलं नसतंत तर पाठवलं असतं, दोघींना."

बसमध्ये आम्ही पुन्हा शेजारी. तीन थांबे गेल्यावर आई बोलल्या.

"मी सांगितलं होतं ना, मी केलं म्हणून? मध्ये तोंड कशाला घातलंस?"

"खोटं होतं ते."

"आणि पाच वर्षं उद्या करते, उद्या करते म्हणालीस, ते काय खरं होतं?"

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. समोरची बाई बघत होती, बघू दे म्हटलं. आईंनी पिशवीतून डबा काढला. दुपारचं अर्धं जेवण तसंच होतं; त्यांनीही खाल्लं नव्हतं. झाकण उघडून त्यांनी डबा माझ्या मांडीवर ठेवला.

"खा," त्या म्हणाल्या. "मीठ कमी आहे."

शनिवारी आम्ही सातव्या आणि आठव्या कप्प्यातले सगळे खोके काढून कंप्युटरप्रमाणे लावले. सोमवारी मी सुपरवायझरचा निळा कोट कपाटात ठेवला आणि बाकीच्यांसारखा राखाडी घातला. बाह्या लांब होत्या. माझ्या जागी आता पॅकिंगच्या बाई होत्या. त्यांनी मला स्कॅनर दिला आणि यादीवरून नजर उचलली नाही, त्यांनाही अवघडलं होतं. सुसाट मात्र दोन्ही कान उघडे ठेवून उभा होता आणि म्हणाला, "या." मला त्याच्या मिठीत पडून रडावंसं वाटलं, पण आठच वाजले होते.

पहिलीच ऑर्डर 'क' रॅकची. स्कॅनरवर आलं, कप्पा सात. माझा हात गेला आठकडे. खोका उचलला, पट्टीवर स्कॅनर धरला, आणि तो गुरगुरला. सगळ्या रॅकमध्ये आवाज घुमला. मी खोका परत ठेवला, पुन्हा स्कॅनर बघितला, आणि माझा हात पुन्हा आठवर. पाच वर्षांची सवय एका शनिवारात कशी जाणार? पुन्हा गुरगुर. पलीकडे कुणीतरी खाकरलं.

मग माझ्या मनगटावर कुणाचा तरी हात आला. खरखरीत, खोक्यांच्या पुठ्ठ्याने कापलेला, ओळखीचा.

"थांबा," मावशी म्हणाल्या. "कामावर नवीन माणूस आलं की हे मी दाखवायचं असतं."

त्यांनी माझा तळवा उचलला आणि सातव्या कप्प्यावर ठेवला. पत्रा गार होता. त्यांनी माझा हात लगेच सोडला नाही.

"सातला सात," त्या म्हणाल्या. "आठला आठ. म्हण, पोरी."

मी म्हटलं.